मेलचं दार उघडं, फायलींचं दार बंद

लिनक्स सर्व्हरवर मेल आणि फायलींची ने-आण या दोन्ही सोयी करायला बसलेला माणूस बहुधा दोन्हींना एकच रीत लावतो. पॅकेज टाकायचं, सेवा सुरू करायची, आणि 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' विचारल्यावर हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसलं की काम झालं असं धरायचं. मग दुसऱ्या दिवसापासून तक्रारी यायला लागतात. पाठवलेली मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडते किंवा मुळात पोचतच नाही. फायली चढवणाऱ्याचं लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी काही उघडत नाही. अशा वेळी एक सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकण्याकडे, फायरवॉल बंद करून बघण्याकडे, फोल्डरला ७७७ परवानगी देऊन टाकण्याकडे हात वळतो. या लेखात मला एवढंच पटवून द्यायचं आहे की या दोन सेवांची दुखणी वेगळी आहेत, कारण त्यांच्या दारात येणारी माणसं वेगळी आहेत. मेल सर्व्हरकडे जगातला कुठलाही अनोळखी सर्व्हर येऊ शकतो आणि आपला सर्व्हरही सतत अनोळखी दारं ठोठावत असतो. तिथे सगळा प्रश्न ओळख पटवण्याचा असतो. फायली ठेवायला मात्र मोजकीच, आपल्या माहितीतली माणसं येतात. तिथे प्रश्न बाकीच्यांना बाहेर ठेवण्याचा असतो. हा फरक आधी मनाशी पक्का केला, की कुठली सेटिंग कुठे हवी हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

उदाहरणासाठी एखादा छोटा छापखाना धरून चालू. त्याला गिऱ्हाइकांना बिलं आणि प्रुफं मेलनं पाठवायची आहेत, आणि गिऱ्हाइकांकडून व डीटीपी करणाऱ्यांकडून पीडीएफ आणि कोरलड्रॉच्या फायली घ्यायच्या आहेत. सगळंच मेलनं का नको, हा पहिला प्रश्न. पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा एका पत्राला १,०२,४०,००० बाइट्स इतकी आहे. शिवाय मेलला जोडलेली फाइल जाताना बेस ६४ या साध्या अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणजे दहा एमबीच्या त्या मर्यादेत प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आसपासचीच फाइल मावते. मर्यादा वाढवता येते, पण ती फक्त आपल्या बाजूची. पलीकडच्या सर्व्हरची मर्यादा आपल्या हातात नसते. जीमेलवरून पाठवताना जोडलेल्या फायलींना २५ एमबीची अट आहे. फ्लेक्सची एक फाइल याच्या कितीतरी पुढे जाते. तेव्हा पत्र मेलनं आणि फाइल वेगळ्या वाटेनं, ही विभागणी सुरुवातीलाच करून टाकावी. 'तुमची फाइल मिळाली' एवढं सांगायला मेल पुरते.

आता मेल. एसएमटीपी हा मेल वाहून नेणारा शिष्टाचार जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला, तेव्हा जाळ्यावरची यंत्रं थोडी होती आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवणारी होती. तो विश्वास त्या शिष्टाचाराच्या रचनेतच आहे. दोन सर्व्हरांचं बोलणं जवळून ऐकलं तर हे लगेच कळतं. आपला सर्व्हर समोरच्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. समोरचा २२० हा आकडा देऊन स्वतःचं नाव सांगतो. आपला सर्व्हर 'एहलो' म्हणून आपलं नाव सांगतो. समोरचा २५० म्हणतो आणि आपल्याला काय काय जमतं त्याची यादी देतो. मग 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता, 'आरसीपीटी टू' म्हणून घेणाऱ्याचा पत्ता, मग 'डेटा', आणि शेवटी एका ओळीवर एकटं पूर्णविरामाचं टिंब. एवढ्यावर पत्र पोचतं. या संभाषणात पाठवणाऱ्यानं सांगितलेलं नाव आणि पत्ता खरा आहे का, हे तपासण्याची कुठलीही पायरी नाही. कुणीही कुणाच्याही नावानं बोलू शकतो. गेल्या काही दशकांत मेलमध्ये जे जे नवं आलं त्यातलं बरंचसं या एका उणिवेवर ठिगळ लावण्यासाठी आलेलं आहे. म्हणून मेल सर्व्हर उभारणं हे सॉफ्टवेअर टाकण्याचं काम फार थोडं, आणि आपल्या नावाची साक्ष जागोजागी नोंदवण्याचं काम जास्त असतं. 'सेवा चालू आहे, तरी मेल जात नाही' या तक्रारीचं घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं.

ती साक्ष देण्याआधी दोन गोष्टी बघून घ्याव्यात, कारण त्या नसतील तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पहिली, आपल्या सर्व्हरला बाहेरच्या पोर्ट २५ वर जाता येतं का. ॲमेझॉनच्या ईसी२ वर आणि गूगल क्लाउडवर हा रस्ता मुळातच बंद ठेवलेला असतो. ॲमेझॉनकडे अर्ज करून तो उघडून घेता येतो. इतरांची धोरणं वेगवेगळी असतात, म्हणून सर्व्हर भाड्यानं घेण्याआधीच विचारावं. 'एनसी' किंवा 'टेलनेट' वापरून कुठल्याही मोठ्या मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ वर जाऊन बघा. २२० आला तर वाट मोकळी, नुसतंच ताटकळत राहिलं तर बंद. दुसरी गोष्ट उलट्या नोंदीची. नावावरून आयपी पत्ता सांगणारी नोंद आपण डोमेन जिथे घेतलं तिथे करतो. पण आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद ज्याच्या मालकीचा तो आयपी आहे त्याच्याच हातात असते, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्याच्या. डोमेनच्या पॅनेलमध्ये ती शोधण्यात अनेकांचा दिवस जातो. नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून पुन्हा तेच नाव असं वर्तुळ पूर्ण व्हायला हवं, आणि 'एहलो' म्हणताना आपला सर्व्हर सांगतो ते नावही तेच असावं. पोस्टफिक्समध्ये हे नाव 'मायहोस्टनेम' या ओळीत असतं. तिथे 'लोकलहोस्ट' किंवा नुसतं एकशब्दी नाव ठेवलं तर अनेक सर्व्हर पत्र उंबरठ्यावरूनच परत पाठवतात. याच्यात लपलेला आणखी एक पेच आयपीव्ही६ चा. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता आपोआप मिळालेला असतो, त्याला पीटीआर नसते, आणि पोस्टफिक्स कधी या वाटेनं कधी त्या वाटेनं पत्र पाठवतं. त्यामुळे काही पत्रं जातात, काही परत येतात, आणि कारण सापडत नाही. त्या पत्त्यालाही पीटीआर लावून घ्यावी, किंवा 'आयनेट प्रोटोकॉल्स' या ओळीत फक्त आयपीव्ही४ ठेवावं. घरगुती ब्रॉडबँडच्या जोडणीवर मेल सर्व्हर चालवायचा विचार मात्र सोडून द्यावा. तिथला पत्ता बदलता असतो, अनेकदा तो शेकडो घरांत वाटलेला असतो, आणि अशा पत्त्यांच्या याद्या ठेवून त्यांची मेल नाकारणं ही जगभरची रूढ पद्धत आहे.

सॉफ्टवेअर म्हणून पोस्टफिक्स घ्यावं असं मी सुचवतो. वीत्से व्हेनेमा यांनी ते आयबीएममध्ये असताना लिहिलं आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. त्याची मूळची सेटिंग सुरक्षित आहे, आणि बिघाड बहुधा आपण हात लावल्यावरच होतो. दोन ओळींकडे विशेष लक्ष द्यावं. 'मायनेटवर्क्स' म्हणजे ज्यांच्याकडून आलेलं कुठलंही पत्र पोस्टफिक्स विनाप्रश्न पुढे पाठवतं अशा पत्त्यांची यादी. ऑफिसबाहेरच्या लॅपटॉपवरून मेल जात नाही म्हणून काही जण इथे सगळ्या जगाचा पत्ता, म्हणजे शून्य डॉट शून्य डॉट शून्य डॉट शून्य, भागिले शून्य, लिहून मोकळे होतात. त्या क्षणी सर्व्हर ओपन रिले बनतो: कुणीही त्याच्यातून कुणालाही पत्र पाठवू शकतं. स्पॅमवाल्यांना असा सर्व्हर सापडायला वेळ लागत नाही, आणि मग आपला आयपी काळ्या यादीत जातो तो निघता निघत नाही. बाहेरच्या लॅपटॉपसाठी बरोबर वाट पोर्ट ५८७ किंवा ४६५ ची. तिथे माणूस आपलं नाव आणि पासवर्ड देतो, आणि पटलं तरच पत्र पुढे जातं. पोर्ट २५ अनोळखी सर्व्हरांसाठी, ५८७ आपल्या माणसांसाठी. म्हणजे वर सांगितलेला फरक मेलच्या पोटातसुद्धा आहेच. पासवर्ड तपासायचं काम पोस्टफिक्स स्वतः न करता डव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवतं, आणि दोघांमध्ये बोलणं एका सॉकेट फाइलमधून होतं. डेबियन व उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांवर पोस्टफिक्सचे बरेच भाग आपल्या स्पूल फोल्डरात कोंडलेले असतात, म्हणून ती सॉकेट फाइलही त्या फोल्डराच्या आतच, 'प्रायव्हेट' या उपफोल्डरात ठेवावी लागते. बाहेर ठेवली तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन फसतं.

आता नावाच्या साक्षी. एसपीएफ ही डोमेनच्या डीएनएसमधली एक ओळ; माझ्या नावानं पत्र पाठवायचा अधिकार कुठल्या पत्त्यांना आहे ते ती सांगते. एका डोमेनला अशी एकच ओळ असावी. दोन असल्या तर पडताळणीच चुकीची ठरते, आणि हे फार वेळा होतं, कारण नवी सेवा घेताना लोक जुन्या ओळीत भर न घालता शेजारी दुसरी ओळ टाकतात. त्या ओळीतून पुढे दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा कराव्या लागल्या तरीही ती बाद होते. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावर सर्व्हरनं केलेली सही. सही करायची किल्ली सर्व्हरवर, आणि ती तपासायची किल्ली डीएनएसमध्ये. २०४८ बिटांची किल्ली घ्यावी. ती डीएनएसच्या एका तुकड्यातल्या २५५ अक्षरांत मावत नाही, म्हणून अवतरणचिन्हांत तोडून दोन तुकड्यांत लिहावी लागते. हे पॅनेल आपोआप करतं का ते बघून घ्यावं. तिसरी साक्ष डीएमएआरसी. पत्र वाचणाऱ्याला 'फ्रॉम'मध्ये जे डोमेन दिसतं, त्याचा एसपीएफ किंवा डीकेआयएमशी मेळ बसला नाही तर त्या पत्राचं काय करायचं, हे ती सांगते. सुरुवातीला धोरण 'नन' ठेवून अहवाल मागवावेत, आपल्या नावानं कोण कोण पत्र पाठवतंय ते समजून घ्यावं, आणि मग 'क्वारंटाइन' व 'रिजेक्ट'कडे जावं. हे ऐच्छिक होतं तोवर लोक टाळत होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं ते अटीत घातलं: मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही साक्षी लागतात. जीमेलपुरती ही संख्या दिवसाला सुमारे ५,००० पत्रांची, आणि त्याखालच्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक आणि नीट पीटीआर हवीच. तेव्हा छापखान्याची दिवसाची वीस बिलं जरी जायची असली तरी या कामाला सुट्टी नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. एवढा खटाटोप कशाला, झोहो किंवा गूगलकडे पैसे भरून मेलबॉक्स घ्यावेत की. माणसांच्या मेलबॉक्सपुरतं मला हे मान्य आहे. ज्या संस्थेत सर्व्हरकडे रोज बघणारा माणूस नाही, तिनं आपली येणारी मेल स्वतःच्या यंत्रावर ठेवू नये. डिस्क भरली की महत्त्वाचं पत्र बाहेरच्या बाहेर लटकतं. पण मेलबॉक्स दुसरीकडे घेतल्यानं सर्व्हरची मेलची गरज संपत नाही. बिलं पाठवणारा प्रोग्राम, रात्रीच्या बॅकअपचा अहवाल, डिस्क भरत आल्याचा इशारा हे सगळं सर्व्हरच पाठवणार. म्हणून मधला मार्ग चांगला. पोस्टफिक्स फक्त पाठवण्यापुरतं ठेवावं, ते बाहेरून ऐकणार नाही अशी 'आयनेट इंटरफेसेस'मध्ये व्यवस्था करावी, आणि 'रिलेहोस्ट'च्या ओळीत त्या मेल कंपनीचा सर्व्हर व पोर्ट ५८७ देऊन सगळी पत्रं तिच्यामार्फत पाठवावीत. पोर्ट २५ बंद असला तरी हे चालतं, आणि ओळख पटवण्याचा मोठा भार ती कंपनी उचलते. एवढं करताना एक चूक हमखास होते. पोस्टफिक्स बसवताना आपलं डोमेन 'मायडेस्टिनेशन'मध्ये जाऊन बसतं. त्याचा अर्थ 'या डोमेनची पत्रं इथेच उतरतात' असा होतो. मग बिलं गिऱ्हाइकांना व्यवस्थित जातात, पण छापखान्याच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवलेला बॅकअपचा अहवाल बाहेर पडतच नाही. पोस्टफिक्स तो यंत्रावरच शोधतं आणि असा वापरकर्ता नाही म्हणून परत टाकतं. मेलबॉक्स दुसरीकडे असतील तर डोमेन त्या ओळीतून काढावं, तिथे फक्त यंत्राचं नाव आणि लोकलहोस्ट राहू द्यावं.

ज्यांना मेलबॉक्सही आपल्याच यंत्रावर हवे आहेत त्यांनी डव्हकॉट घ्यावं, पत्रं मेलडिर पद्धतीनं म्हणजे प्रत्येक पत्र वेगळ्या फायलीत ठेवावीत, आणि बाहेर फक्त ९९३ हा पोर्ट उघडावा. दोन सूचना पुरे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डव्हकॉट २.४ ची सेटिंग फाइल आधीच्या २.३ शी जुळत नाही, त्यामुळे जुन्या पुस्तकातल्या ओळी उतरवून काढल्या तर सेवा सुरूच होत नाही. आपल्या यंत्रावर कुठली आवृत्ती आहे ते आधी विचारून घ्या. आणि लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट ते आपोआप नवं आणतं, पण चालू असलेल्या सेवेला तसं सांगितलं नाही तर ती जुनंच दाखवत राहते. नूतनीकरण झालं की दोन्ही सेवांना 'रिलोड' करणारी ओळ सर्टबॉटच्या 'डिप्लॉय हुक'मध्ये घालावी. तीन महिन्यांनी एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर प्रमाणपत्राचा इशारा येण्याचं कारण बहुतेक वेळा ही विसरलेली ओळ असते.

मेल अडली की अंदाज बांधत बसू नये, लॉग वाचावा. 'मेलक्यू' हा आदेश रांगेत अडकलेली पत्रं आणि प्रत्येकाच्या खाली कारण दाखवतो. समोरच्याचं उत्तर ४ नं सुरू होणाऱ्या आकड्याचं असेल तर 'आत्ता नाही, नंतर या' असा अर्थ. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला पहिल्या भेटीत मुद्दाम असं परत पाठवतात आणि पुन्हा आल्यावर घेतात. पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करत राहतं, तेव्हा इथे घाई नको. आकडा ५ नं सुरू होत असेल तर नकार कायमचा, आणि कारण त्याच ओळीत लिहिलेलं असतं: पीटीआर नाही, सही पटली नाही, पत्ताच नाही. डेबियन १२ पासून पूर्वीची मेल लॉगची वेगळी फाइल आपोआप तयार होत नाही. 'जर्नलसीटीएल'ला पोस्टफिक्सच्या नावानं विचारावं. भारतातल्या संस्थांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, त्यात सांगितलेल्या प्रकारची सुरक्षा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत. लॉग किती दिवस टिकतात ही सेटिंग बहुतेक यंत्रांवर याहून बरीच कमी असते.

फायलींकडे वळलो की चित्र उलटं होतं. इथे अनोळखी माणसाला दारात उभं करण्याचं काहीच कारण नाही. तरीही 'फाइल ट्रान्सफर' म्हटलं की हात एफटीपीकडे जातो, कारण नावच ते आहे. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरमधून शिकून ते एमआयटीत गेले होते. आजचं एफटीपी १९८५ च्या मसुद्यावर उभं आहे. त्या काळासाठी ती रचना उत्तम होती, पण तिच्यात पासवर्ड उघडा जातो आणि एका कामाला दोन जोडण्या लागतात: पोर्ट २१ वर बोलणं, आणि फाइल किंवा यादी पाठवायला दुसरी. जुन्या पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर गिऱ्हाइकाकडे करतो, म्हणजे ती गिऱ्हाइकाच्या फायरवॉलवर आपटते. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर 'या पोर्टवर या' म्हणून एक भलताच आकडा देतो, आणि ती जोडणी सर्व्हरच्या फायरवॉलवर आपटते. त्यातही सर्व्हर राउटरमागे असेल तर तो आपला आतला, खासगी आयपीच सांगून बसतो. लॉगिन होतं पण यादी उघडत नाही, या सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीचं मूळ हे. पासवर्ड बरोबर असतो, परवानग्या बरोबर असतात, दुसरी जोडणी होत नसते. ७७७ देऊन हे सुटणं शक्यच नाही, उलट यंत्रावरच्या कुठल्याही प्रोग्रामला त्या फायली बदलायची मुभा मिळते. डेबियननं आपल्या सार्वजनिक एफटीपी सेवा नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केल्या, आणि २०२१ मध्ये फायरफॉक्स व क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपी काढून टाकलं. ज्यांचं कामच फायली वाटण्याचं आहे त्यांनी ती वाट सोडली, हे आपल्यासाठी पुरेसं कारण आहे.

शिवाय पर्याय शोधायला कुठे जावं लागत नाही. सर्व्हरवर एसएसएचनं आपण रोज जातो, त्याच्याच आत एसएफटीपी बसलेलं असतं. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं ते विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. टेलनेट आणि एफटीपी या दोन्हींची जागा ते घेणार होतं, म्हणून एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ हा पोर्ट त्यांनी मागून घेतला. एकच पोर्ट, एकच जोडणी, सगळं कुलूपबंद. छापखान्यासाठी करायचं एवढंच: फायली देणाऱ्यांचा एक गट तयार करावा, त्यांना शेल देऊ नये, आणि एसएसएचडीच्या सेटिंग फायलीच्या शेवटी 'मॅच ग्रुप' लिहून त्या गटासाठी 'फोर्सकमांड' म्हणून 'इंटरनल-एसएफटीपी', टीसीपी फॉरवर्डिंग बंद, आणि 'चरूट डिरेक्टरी' म्हणून त्यांचं फोल्डर द्यावं. म्हणजे त्या माणसाला आपलं फोल्डर हेच सगळं यंत्र वाटतं.

इथे एक अडखळण्याची जागा आहे, ती नीट बघू. ज्या फोल्डरात माणसाला कोंडायचं ते फोल्डर, आणि मुळापासून तिथपर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचं हवं, आणि रूटशिवाय कुणालाही त्यात लिहायची परवानगी नको. लोक साहजिकच ते फोल्डर वापरकर्त्याच्या नावावर करतात, कारण फायली त्यालाच ठेवायच्या आहेत. मग पासवर्ड दिल्याबरोबर जोडणी तुटते, फाइलझिलासारख्या फायली चढवणाऱ्या प्रोग्रामात काही उमगेल असं कारण दिसत नाही, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र चरूट डिरेक्टरीची मालकी किंवा परवानगी चुकीची असल्याची स्पष्ट ओळ असते. उपाय सोपा: बाहेरचं फोल्डर रूटचं, ७५५, त्याच्या आत 'आवक' नावाचं फोल्डर वापरकर्त्याचं. तो आत आल्यावर त्याला 'आवक' दिसतं आणि तिथे तो फायली ठेवतो. 'आवक'चा गट छापखान्यातल्या माणसांचा करून त्यावर सेटजीआयडी लावलं, की नव्या फायलीही त्या गटाच्या नावावर येतात आणि प्लेट काढणाऱ्याला त्या उघडता येतात. सेटिंग बदलल्यावर 'एसएसएचडी' आदेशाला 'टी' हा पर्याय देऊन ती आधी तपासावी, मगच सेवा पुन्हा सुरू करावी, आणि नव्या खिडकीतून लॉगिन होईपर्यंत हातातली खिडकी बंद करू नये. लांबच्या सर्व्हरवर स्वतःलाच बाहेर कोंडून घेणं एका टंकनदोषानं होऊ शकतं.

काही जण म्हणतील, एफटीपीवर टीएलएसचं कवच चढवलं की झालं, मग सवय कशाला मोडायची. कवचानं पासवर्ड झाकला जातो, हे खरं. पण दोन जोडण्यांचा घोळ तसाच राहतो, किंबहुना वाढतो: पॅसिव्ह पोर्टचा आकडा आता कुलूपबंद संभाषणात असतो, त्यामुळे तो वाचून वाट उघडणाऱ्या फायरवॉललाही तो दिसत नाही. आणि सवयीचं म्हणाल तर फाइलझिला आणि विनएससीपी दोन्ही एसएफटीपी बोलतात. वापरणाऱ्याला फक्त पोर्टचा आकडा बदलावा लागतो. एकच अडचण खरी आहे. जुना स्कॅनर किंवा कॅमेरा एफटीपीखेरीज काही जाणत नाही. त्याच्यासाठी व्हीएसएफटीपीडी हे एफटीपी सर्व्हरचं सॉफ्टवेअर ठेवावं लागलं तर ते ऑफिसच्या आतल्या जाळ्यापुरतं ठेवावं, पॅसिव्ह पोर्टची मर्यादा ४०००० ते ४०१०० अशी बांधून तेवढेच पोर्ट उघडावेत, आणि त्या एका यंत्राच्या पत्त्यावरूनच ते चालेल असं करावं. बाहेरच्या जगाला त्याची चाहूलही लागू नये.

'आमच्या एवढ्याशा सर्व्हरवर कोण हल्ला करणार' हा युक्तिवादही नेहमी पुढे येतो. हल्ला करणारा आपल्याला निवडून येत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप या साधनानं दाखवून दिलं की एका यंत्रावरून, गिगाबिट जोडणीवर, आयपीव्ही४ चे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत चाळून होतात. म्हणजे नवा सर्व्हर चालू केल्यावर दुपारचं जेवण होईस्तोवर कुणीतरी त्याचा पोर्ट २२ हलवून बघितलेला असतो. म्हणून एसएसएचला पासवर्डनं येणं बंद करून किल्लीनंच येऊ द्यावं. गिऱ्हाइकाला किल्ली झेपत नसेल तर तेवढ्या कोंडलेल्या गटाला लांब पासवर्ड द्यावा आणि वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला अडवणारं फेल२बॅन लावावं. मेलच्या बाबतीत अनोळखी लोकांसाठी एक दार उघडं ठेवणं भाग आहे. इथे तशी कसलीही सक्ती नाही, तेव्हा शक्य असेल तिथे पोर्ट २२ ठरावीक पत्त्यांपुरताच उघडावा.

हाच फरक देवनागरीच्या बाबतीतही दिसतो. डॉट भारत ही डोमेनं २०१४ पासून मिळतात, देवनागरीतल्या मेल पत्त्यांचे नियम २०१२ मध्ये ठरले, आणि पोस्टफिक्सला २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून ते कळतात. तरी देवनागरी पत्त्यावरून गेलेलं पत्र पोचेल की नाही हे समोरच्या, आपल्याला ठाऊक नसलेल्या सर्व्हरवर अवलंबून असतं. 'एहलो'च्या उत्तरात त्यानं 'एसएमटीपीयूटीएफ८' म्हटलं नाही तर ते परत येतं. म्हणून असा पत्ता घेतला तरी त्याच्या जोडीला साध्या अक्षरांतला पत्ता असू द्यावा. फायलींच्या नावांना मात्र ही भीती नाही, एसएफटीपीनं मराठी नावं जशीच्या तशी येतात. एकच मर्यादा आहे: लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर नाव २५५ बाइट्सपर्यंतच असू शकतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. एकटा 'क्ष' नऊ बाइट्सचा. म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं. 'श्री अमुक यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथाचं मुखपृष्ठ, दुसरी दुरुस्ती, अंतिम' असं नाव पाहता पाहता त्या काठाशी येतं, आणि त्याच्या पुढे आणखी चार शब्द जोडले की फाइल चढत नाही व चढवणाऱ्याला वाटतं सर्व्हर बंद आहे. सुदैवानं ही सगळी आपली माणसं आहेत. आधी जॉब नंबर, मग तारीख, मग दोन-तीन शब्दांचं नाव, एवढं त्यांना पासवर्ड देतानाच फोनवर सांगून ठेवावं.